माळ्यावरच्या दोन गोणी वायरी

प्रश्न: आमचं नाशिकमधलं घर तीस वर्षांचं आहे. पुढच्या महिन्यात नवं वायरिंग करून घेतोय, म्हणून माळा रिकामा करायला काढला. दोन गोणी भरून वायरी, चार्जर, अ‍ॅडॅप्टर, चोक, ट्यूबलाइट, दिवाळीच्या माळा, रिमोट, सेल, दोन जुने मोबाइल आणि कशाचे ते कळत नाही असे तुकडे निघाले. सासरे, म्हणजे आमचे अण्णा, वीज मंडळातून निवृत्त झालेत. ते म्हणतात, "टाकू नका, लागतं कधीतरी." यांचं म्हणणं, सगळं भंगारवाल्याला द्या, तो सरसकट एक दर द्यायला तयार आहे. घंटागाडीत टाकायला माझं मन होत नाही. काय ठेवू, काय देऊ आणि कोणाला देऊ?
— एक वाचक, नाशिक

उत्तर:

ताई, तो सरसकट दर आत्ताच मान्य करू नका. मिसळलेल्या मालाला नेहमी त्यातल्या हलक्या मालाचा भाव लागतो, आणि तुमच्या गोणीत तांब्यापासून फुटक्या प्लॅस्टिकपर्यंत सगळं आहे. पैशांपेक्षा मोठं कारण मात्र वेगळं आहे. गोणी तुमच्या दारातून गेल्यावर तिचं पुढे काय होतं, ते बरंचसं वायरीच्या जाडीवर ठरतं.

घराच्या वायरिंगची जाड वायर सोलायला सोपी असते. सुरीने किंवा हाताने फिरवायच्या साध्या यंत्राने पीव्हीसीचं आवरण झटकन उतरतं आणि आतलं चकचकीत तांबं सगळ्यात वरच्या भावाने जातं. तेच तांबं जाळून काढलं तर काळं पडतं आणि भाव उतरतो. त्यामुळे जाड वायर जाळण्यात कोणाचाच फायदा नाही. बारीक वायरीचं उलटं आहे. मोबाइलची केबल, इअरफोन, माउसची वायर, दिवाळीची माळ यांत केसासारख्या तारा असतात. एक मीटरच्या मोबाइल केबलीत तांबं निघणार पाच-दहा ग्रॅम. ते सोलत बसणं कोणालाच परवडत नाही. मग अशा वायरींचा ढीग साठवून उघड्यावर पेटवला जातो. पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइडचा झोंबणारा वायू निघतो, डायॉक्सिन आणि फ्युरान ही विषारी रसायनं तयार होतात, आणि ती तयार व्हायला वायरीतलं तांबंच मदत करतं. जुन्या पीव्हीसीत शिशाचे क्षार असतात, ते धुरात आणि राखेत उतरतात. हा धूर आधी जाळणाऱ्याच्या छातीत जातो आणि मग आजूबाजूच्या वस्तीत.

तेव्हा जाड वायर भंगारात विका, बारीक वायर ई-कचऱ्यात द्या, आणि सेल व पारा असलेले दिवे या दोन्हींत मिसळू नका. एवढं सांभाळलंत तर बाकीचं सगळं सोयीनुसार करता येईल.

निवडायला बसाल तेव्हा सगळ्यात आधी सेल आणि बॅटऱ्या बाजूला काढा. खाली जुनी चादर अंथरा म्हणजे बारीक बटण सेल घरंगळून हरवणार नाहीत. घरात लहान मूल असेल तर हे फारच जपा, कारण गिळलेला बटण सेल अन्ननलिकेत अडकला तर काही तासांत तिला जाळतो. रिमोट, घड्याळं, टॉर्च, खेळणी उघडून आतले सेल काढा. फुटून पांढरी पावडर आलेले सेल हातमोजे घालून उचला. लिथियमचे सेल, म्हणजे मोबाइल, पॉवर बँक, ब्लूटूथ इअरफोन, कॅमेरा यांतले, दोन्ही टोकांवर चिकटपट्टी लावून एकेक सुटे ठेवा. 9 व्होल्टच्या चौकोनी बॅटरीची दोन्ही टोकं एकाच बाजूला असतात. ती गोणीतल्या एखाद्या उघड्या तारेला टेकली की तार तापून लाल होते. तिलाही पट्टी लावाच. फुगलेली बॅटरी दाबायची नाही, टोचायची नाही, चार्ज करून पाहायची नाही. पत्र्याच्या डब्यात कोरडी वाळू घालून तीत ठेवा, डब्याचं झाकण घट्ट लावू नका, आणि डबा घराबाहेर, उन्हापासून लांब ठेवा. घंटागाडीत ती कधीच जाऊ नये, कारण गाडीत किंवा पुढे कचरा दाबताना सेल चेपला की आग लागते.

आता अण्णांचं म्हणणं. "लागतं कधीतरी" हे खरंच आहे. अडचण अशी की गोणीत गुंतलेली केबल लागेल तेव्हा सापडत नाही, आणि सापडली तरी ती चालू आहे का ते कोणाला माहीत नसतं; शेवटी नवीच आणली जाते. म्हणून काय ठेवायचं याचा निर्णय अण्णांकडेच सोपवा. मल्टिमीटर, कागदी चिकटपट्टी आणि पेन त्यांच्या हाती द्या, आणि एक अट ठेवा: ज्या वस्तूवर ती कशाची आहे आणि तपासलेली आहे असं लिहिलेलं नाही, ती ठेवायची नाही. आयुष्यभर विजेत काम केलेल्या माणसाला हे काम आवडेल आणि ते तुमच्याआमच्यापेक्षा नीट करतील.

सगळ्यात जास्त वेळ अ‍ॅडॅप्टर खातात. वर लिहिलेला इनपुटचा आकडा, बहुधा 100 ते 240 व्होल्ट, सोडून द्या. आउटपुटची ओळ वाचा. व्होल्टचा आकडा उपकरणाच्या आकड्याशी तंतोतंत जुळायला हवा. अँपिअरचा आकडा उपकरणाच्या मागणीइतका किंवा जास्त हवा. जास्त असल्याने काही बिघडत नाही. 9 व्होल्टच्या उपकरणाला 12 व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर लावला तर आतले भाग जळू शकतात. व्होल्ट बरोबर पण अँपिअर कमी असतील तर अ‍ॅडॅप्टर तापतो आणि राउटर दर थोड्या वेळाने बंद होऊन पुन्हा सुरू होतो. लोक मग नेटवाल्याला फोन करत बसतात. तिसरी गोष्ट ध्रुवतेची. लेबलवर एक बिंदू आणि भोवती अर्धवर्तुळ अशी खूण असते. बिंदूकडे अधिक असेल तर पिनच्या मधल्या भागात धन, बाहेर ऋण. बहुतेक घरगुती वस्तूंना हेच लागतं, पण गिटारच्या पेडलसारख्या काही वस्तूंना बरोबर उलटं लागतं. व्होल्टपुढे सरळ रेघ आणि तिच्याखाली तुटक रेघ म्हणजे डीसी. नागमोडी रेघ म्हणजे तो अ‍ॅडॅप्टर एसी देतो, तो राउटरला लावायचा नाही.

गोल पिनेतही एक खोच आहे. बाहेरचा व्यास 5.5 मिलिमीटर असलेल्या पिना दोन जातीच्या येतात: आतलं भोक 2.1 मिलिमीटर आणि 2.5 मिलिमीटर. डोळ्यांना फरक कळत नाही. 2.1ची पिन 2.5च्या खाचेत जातच नाही, पण 2.5ची पिन 2.1वर सैल बसते आणि हलली की पुरवठा तुटतो. कितीतरी चांगली उपकरणं या एका कारणाने बिघडलेली समजून टाकली जातात.

हातात घेतल्यावर विटेसारखा जड लागणारा जुना अ‍ॅडॅप्टर असेल, तर आत लोखंडी पट्ट्यांचा ट्रान्सफॉर्मर आहे. त्यातल्या बऱ्याच जणांत व्होल्टेज स्थिर राखण्याची सोय नसते. 12 व्होल्ट लिहिलेला अ‍ॅडॅप्टर मोकळा असताना मीटरवर 15-16 दाखवतो. तो ज्या वस्तूसोबत आला ती वस्तू घरात असेल तरच ठेवा. चार्जर आणि अ‍ॅडॅप्टरवर भारतीय मानक ब्युरोची खूण आणि 'आर' अक्षरामागे आठ अंकी नोंदणी क्रमांक हवा. क्रमांक नसलेले, तडा गेलेले, हलवल्यावर आत खडखडणारे, जळका वास येणारे चार्जर ठेवू नका. कामवाल्या मावशींना किंवा गावाकडे पाठवूही नका. आपल्याला भीती वाटते ती वस्तू दुसऱ्याच्या घरात सुरक्षित होत नाही.

अण्णांनी लेबल लावून ठेवलेल्या अ‍ॅडॅप्टरचा एक डबा झाला की केबलींना फार विचार लागत नाही. कॉम्प्युटर, मॉनिटर, प्रिंटरला लागणारी तीन खाचांची जाड कॉर्ड एक-दोन ठेवा. लॅपटॉपच्या अ‍ॅडॅप्टरला लागणारी तीन गोल पाकळ्यांची एक. इंग्रजी आठच्या आकाराची एक. एचडीएमआय एक, लॅन दोन, प्रिंटरची चौकोनी तोंडाची यूएसबी एक, मायक्रो यूएसबी दोन. जुन्या हार्ड डिस्कची रुंद, दोन भागांच्या तोंडाची केबल मात्र डिस्कलाच रबर लावून ठेवा, कारण ती दुकानात पटकन मिळत नाही. लग्नाच्या व्हिडिओ कॅसेट अजून उतरवून घ्यायच्या असतील तर लाल-पांढरी-पिवळी एव्ही केबल एक जपा. यूएसबी केबल मोबाइल आणि कॉम्प्युटरला जोडून पाहा: नुसतं चार्जिंग होतंय आणि फोटो दिसत नाहीत, तर बहुधा तीत डेटाच्या तारा नाहीत; ती काढून टाका. लॅपटॉपसोबत आलेली टाइप-सी केबल वेगळी ओळखू येईल अशी ठेवा. 60 वॅटच्या वर वीज न्यायला केबलीतच एक चिप लागते आणि मोबाइलच्या साध्या केबलीत ती सहसा नसते.

घरच्या विजेवर चालणाऱ्या कॉर्ड आणि एक्स्टेन्शन बोर्ड यांच्या बाबतीत मात्र कडक राहा. वायर प्लगजवळ, म्हणजे टॉपच्या तोंडाशी, वाकवून पाहा. आवरणाला भेगा दिसल्या की बाद. हाताला चिकट लागतेय, तर पीव्हीसीतलं मऊ ठेवणारं द्रव्य बाहेर येऊ लागलंय. टोकाशी तांबं हिरवं पडलंय, तर ते गंजलंय आणि सांध्यावर तापणार. टॉपची पिन काळवंडली असेल तर ती सॉकेटमध्ये सैल बसून ठिणग्या खात होती. अशी पिन नव्या बोर्डात लावली तर नवं सॉकेटही तापून ढिलं होईल. चपट्या, दोन तारांच्या, अर्थिंग नसलेल्या एक्स्टेन्शनचे दिवस संपले आहेत. 1000 वॅटची इस्त्री साडेचार अँपिअरच्या आसपास घेते आणि 1500 वॅटचा पाणी तापवायचा रॉड साडेसहा. लग्नमंडपातल्या दिव्यांसाठी आणलेल्या बारीक वायरीवर तो लावला, त्यात वायर गुंडाळलेलीच ठेवली, की वेटोळ्याच्या आतलं आवरण वितळतं.

बाद केलेली कॉर्ड कोणी उचलून पुन्हा वापरू नये म्हणून कापून द्यायची, पण कापायची एक पद्धत आहे. प्लग बोर्डातून काढलेला आहे ना, हे डोळ्यांनी पाहा. मग वायर अगदी टॉपला चिकटून कापा. चार बोटं वायर ठेवून कापलेला टॉप फार धोक्याचा असतो: एखाद्या पोराने खेळता खेळता तो सॉकेटमध्ये खुपसला की हातातल्या उघड्या तारांत 230 व्होल्ट. कापलेल्या टॉपच्या पिना पकडीने वाकवूनही टाका. पिना पितळी असतात. वेगळ्या जमवल्या तर पितळेच्या भावाने जातात.

आता विकायच्या मालाकडे येऊ. तांब्याचा हिशेब सोपा आहे: एक चौरस मिलिमीटरच्या एक मीटर तारेत जवळपास 9 ग्रॅम तांबं. तीन तारांची, एक चौरस मिलिमीटरची, दोन मीटरची कॉर्ड असेल तर 54 ग्रॅम. लॅन केबल खऱ्या तांब्याची असेल तर मीटरमागे 15 ग्रॅम. यासाठी घरी सुरी घेऊन सोलत बसू नका. बोट कापून घ्याल आणि जुन्या आवरणाची शिसं असलेली भुकटी हातावर येईल. कॉर्ड न सोलताच, पण वेगळ्या करून, वजनावर द्या.

खरं तांबं तुमच्या भिंतींत आहे. अडीच चौरस मिलिमीटरच्या 90 मीटरच्या एका बंडलात दोन किलो तांबं असतं, दीडच्या बंडलात सव्वा किलोच्या आसपास. नवं वायरिंग होईल तेव्हा जुनी वायर निघेल, आणि ती कोणाची हे आधी ठरलेलं नसेल तर ती कारागीर घेऊन जातो, असा बऱ्याच ठिकाणी रिवाज आहे. त्याला द्यायची असेल तर खुशाल द्या, पण ते मजुरीच्या बोलण्यात धरा. आणि पाइपातून ओढून काढलेली वायर नव्या कामात परत घालू देऊ नका; ओढताना आवरण खरचटतं आणि ते वरून दिसत नाही.

तुमच्या घराच्या वयाला वायर अ‍ॅल्युमिनियमचीही असू शकते. टोक ब्लेडने खरवडा: आत लालसर निघालं तर तांबं, मग वरून कल्हईमुळे रुपेरी दिसत असलं तरी. वरून लाल आणि कापलेल्या तोंडाशी आत पांढरं, तर तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम. स्वस्त लॅन केबलीत आणि स्पीकरच्या वायरींत ते खूप असतं. डिशची जाड काळी-पांढरी केबल पाहून आशा वाटते, पण तिच्या मधल्या तारेला लोहचुंबक लावा. चिकटला तर आत पोलाद आहे, तांब्याचा नुसता थर. अशी केबल ई-कचऱ्यात.

ट्यूबचे जुने जड चोक लोखंडी पट्ट्या आणि वेटोळ्याचे असतात. ते भंगारवाला घेतो, फक्त घरी फोडू नका, आत डांबरासारखा थर भरलेला असतो. किटकॅट फ्यूजमधल्या धातूच्या पट्ट्या निघतात, चिनी मातीला भाव नाही. पंख्याच्या आणि मोटारीच्या कपॅसिटरमध्ये साठून राहिलेली वीज अण्णांना आधी काढून टाकायला सांगा, बल्ब लावलेल्या होल्डरच्या दोन तारा टोकांना लावून. नुकत्याच काढलेल्या मोठ्या कपॅसिटरचा झटका चांगलाच बसतो.

भंगारवाल्याशी बोलताना तांबं, पितळ, अ‍ॅल्युमिनियम, लोखंड आणि न सोललेली वायर असा प्रत्येकाचा दर वेगळा विचारा. तांब्याचा दर रोज बदलतो, म्हणून दोघातिघांना एकाच दिवशी विचारा. काटा तपासायला एक लिटरची भरलेली पाण्याची बाटली त्यावर ठेवा. एक किलोच्या किंचित वर यायला हवी. आणि त्याला सरळ विचारा की वायर सोलता की जाळता. तो माणूस आपल्या शहराचं मोठं काम करतो, त्याच्याशी मोकळेपणाने बोललं तर तोही मोकळं उत्तर देतो. बारीक वायरींचा ढीग मात्र त्याने मागितला तरी देऊ नका.

ट्यूबलाइट आणि सीएफएलमध्ये थोडा पारा असतो. ट्यूब वर्तमानपत्रात गुंडाळून पुठ्ठ्याच्या खोक्यात उभ्या बांधा. एखादी फुटलीच तर मुलांना बाहेर काढा, खिडक्या उघडा, पंखा बंद ठेवा आणि पंधरा मिनिटं खोलीत जाऊ नका. मग जाड पुठ्ठ्याने काचा गोळा करा, बारीक भुकटी चिकटपट्टीने टिपा, ओल्या कागदाने फरशी पुसा, सगळं घट्ट झाकणाच्या बरणीत घाला. झाडू किंवा व्हॅक्यूम क्लीनर वापरू नका, त्याने पारा हवेत पसरतो. ट्यूब, सीएफएल आणि सेल हा घरगुती घातक कचरा. घंटागाडीला त्यासाठी वेगळा कप्पा असेल तरच, गाडीवरच्या माणसाला सांगून, त्यातच द्या. लिथियम मात्र तिथेही नको. एलईडी बल्बमध्ये पारा नसतो, पण आत सर्किट असतं, म्हणून तो ई-कचऱ्यात.

दोन मोबाइल देण्याआधी चालू होतात का पाहा. होत असतील तर फोटो उतरवा, खात्यांतून बाहेर पडा, फॅक्टरी रीसेट करा, सिम आणि मेमरी कार्ड काढा. चालू होत नसलेल्या मोबाइलमध्येही तुमची माहिती असते, म्हणून तो फक्त नोंदणीकृत रिसायकलरकडे. राउटरच्या मागच्या बारीक भोकात काडी दहा-पंधरा सेकंद दाबून रीसेट करा. सेट टॉप बॉक्स किंवा इंटरनेटचं यंत्र कंपनीचं असेल तर परत करून पावती घ्या, अनामत रक्कम अडकलेली असू शकते.

ई-कचरा द्यायचा कुठे? 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या ई-कचरा (व्यवस्थापन) नियम 2022 प्रमाणे उत्पादकांवर जुन्या मालाच्या पुनर्चक्रीकरणाची जबाबदारी आहे आणि रिसायकलरला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंदणी लागते. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडेही अशा उद्योगांची यादी असते. नाशिकला जवळचा कोण ते तिथून काढा. बॅटऱ्यांसाठी वेगळे नियम आहेत, बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम 2022; म्हणून सेलचा डबा देताना तो वेगळा आहे आणि त्यात फुगलेली बॅटरी आहे, हे तोंडी सांगा. नवा मोबाइल किंवा टीव्ही घेताना दुकानात जुन्या वस्तूंचं काय करता ते विचारा.

तुमच्या दहा-पंधरा किलोंसाठी टेम्पो यायचा नाही. शेजारच्या चार इमारतींना सोबत घेतलंत तर येईल. एक रविवार ठरवा, दोन आठवडे आधी फलक लावा, काय आणायचं आणि काय नाही ते त्यावर स्पष्ट लिहा, सेलसाठी दारातच वेगळा डबा ठेवा. गोळा करणाऱ्याकडून नोंदणीची प्रत आणि तिची मुदत आधी पाहून घ्या, माल वजन करून द्या, आणि वजनाची पावती सोसायटीच्या नावाने मागा. पावती द्यायला कांकूं करणाऱ्याला गोणी देऊ नका. असा रविवार ठरेपर्यंत बारीक वायरींची गोणी कोरड्या जागी तशीच राहू द्या, आणि सेलचा डबा तिच्यापासून दूर.